दिसलं ते टाका

मागच्या हिवाळ्यात धाकटी बहीण लेकीला घेऊन जीपनं ब्रह्मपुरीला माझ्या घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाई, तू मास्तरीण आहेस. तूच सांग. हिले शिकवू का शाळेतून काढू?" भाची चौथीत, आणि वाचता येत नव्हतं. तिच्या बापाचं मत ठरलं होतं. शिंगाडे तोडायला तरी कामी येईल म्हणे.

हाच प्रश्न बहिणीबद्दल आमच्या बानं मला विचारला होता, मी अकरा वर्षांची असताना. बा तलावात जाळं टाकणारा, सही म्हणून अंगठा उठवणारा. घरात वाचता येणारी मी एकटी. रोज संध्याकाळी बहिणीला शिकवायचं, मगच खेळायला जायचं, असा त्याचा हुकूम. ती एकेका शब्दापाशी श्वास रोखून थांबायची आणि बाहेर पोरी मला हाका मारत राहायच्या. चिडून मी तिला पट्टीनं मारलेलंही आहे. बानं विचारलं तेव्हा एका झटक्यात बोलून मोकळी झाले, "हिच्या डोक्यात काई शिरत नाई, बा. मंद आहे ही." दुसऱ्या दिवसापासून बहीण शिंगाडे तोडायला कमरभर पाण्यात उतरली.

या वेळी तोंड आवरलं. म्हटलं, दोन दिवस थांब, शोधून सांगते.

कॉलेजच्या लायब्ररीतली बाई ओळखीची. तिनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. एवढी वीस वर्षं शिकवते मी, पण बोटं आपोआप चालली ती अशी: मंदबुद्धी मुलगी अभ्यास उपाय. पडदाभर बुद्धी वाढवणारे चाटण अन् चूर्ण. कुठलेसे बाबासुद्धा निघाले.

लायब्ररीवाली हसली. "मॅडम, तुम्ही तं निकालच लावून राह्यल्या. असं कसं सापडन? पोरगी वाचते तेव्हा काय दिसते, ते टाका. पयले कागदावर लिवा."

मी लिहायला लागले. ओळखलेला शब्द पुढच्या ओळीत पुन्हा नवा वाटतो. बोट ठेवूनही ओळ सुटते. ऐकलेली गोष्ट मात्र जशीच्या तशी सांगते. तोंडी हिशेब बिनचूक, पाटीवर तोच चुकतो. वाचायला सांगितलं की पोट दुखतं. पान भरत आलं आणि हात थांबला. भाचीला तर मी आदल्या दिवशी कशीबशी दोन ओळी वाचताना पाहिलं होतं. हे सगळं कोणाचं लिहिलं मी? पाठीमागे तो रोखलेला श्वास ऐकू आला. देवाशप्पथ सांगते, मी मागे वळून पाहिलं. रिकामी खुर्ची होती.

त्या पानातून लायब्ररीवालीनं शब्द निवडले. वाचन अडचण, शब्द ओळख, प्राथमिक शाळा. त्यातून पुढचे सापडले. अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया. नको त्या गोष्टी मधे येतच होत्या, तेव्हा ती म्हणाली, "जो शब्द नको, त्याच्या आधी वजाचं चिन्ह टाका. तो निघून जाते." मी चिन्ह टाकलं आणि त्यापुढे मंदबुद्धी लिहिलं. चूर्णवाले बाबा पळाले. मला मेलीला रडू आलं. लायब्ररीवालीला वाटलं, डोळे दुखले असतील.

आता वाचावं ते समोर होतं. बुद्धी चांगली असूनही असं होतं. तपासणी असते, शिकवायच्या वेगळ्या रीती असतात. वेळ लागतो, पण पोर वाचू शकते.

घरी आले तेव्हा बहीण अंगणात तांदूळ निवडत होती आणि भाची तिच्या पाठीला टेकून बसली होती. ही वाचू शकते, एवढं बहिणीला सांगितलं, भाचीला पुढ्यात घेतलं, कागद काढला. एकेक ओळ वाचायची आणि विचारायचं, असं होते का गं तुले? तिसऱ्या ओळीपर्यंत ती मान हलवत होती. मग तिनं आईकडे पाहिलं, कारण सुपातला हात थांबला होता.

"बाई, हे तं तू माह्यं लिहून आणलं."

मी हो म्हटलं.

"पोट दुखे, तेबी आहे?"

"आहे."

"म्हणजे तवाच तुले सारं दिसत होतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग बाले हे काऊन नाई सांगतलं?"

काय सांगणार होते मी? पोरी बाहेर हाका मारत होत्या, हे? मी नुसती रडत बसले. तिनं मला गप्प केलं नाही. सूप उचललं, तांदूळ आत ठेवून आली आणि भाचीचं दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं.

"ही तुह्यापाशी राहीन. शिकव. पण हिच्याबद्दल कोणाले काई सांगायच्या आधी मले विचारशीन."