नानाचं काम कुठे संपायचं

नाना गेला त्या सकाळी मी चहा टाकला होता. दवाखान्यातून भाचा, नानाचाच मुलगा, आला, दारातच थांबला, आणि मला कळलं... महिना झाला त्याला. नाना माझा धाकटा भाऊ. नवरा गेल्यावर मी सुरतेत त्याच्या उधन्याच्या घरी आले, तेव्हापासून आम्ही एका चुलीवर जेवलो. मग त्याच्याविषयी मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

शिरपूरकडून तो सुरतेला हेल्पर म्हणून आला आणि पुढे पलसाण्याच्या कपडा रंगवणाऱ्या मिलांमध्ये वाफेच्या पाइपांचे ठेके घेऊ लागला. माणसं सगळी आपल्या खानदेशातली. पण ठेका घ्यायची त्याची रीत वेगळी. शेठ हो म्हणाला तरी हा लगेच हो म्हणायचा नाही. आधी शेठला घेऊन सगळी मिल पायी फिरायचा, खिशात गेरूचा खडा. "शेठ, इथून माझं काम," म्हणत पाइपावर रेघ ओढायचा, जिथे संपतं तिथे दुसरी. मग कागद. लोक चिडवायचे, ठेकेदार आहेस का मोजणीदार!

नव्वदनंतरची गोष्ट. एका मोठ्या मिलचं वर्षभराचं काम चालून आलं. मी घरी शिरा करून बसलेली. तिकडे शेठने करारनामा वाचला, तर शेवटी ओळ : आणि बाकीचं परचूरण, म्हणजे किरकोळ, काम. नाना म्हणाला, "हे परचूरण जरा दाखवा मला." शेठ त्याला मागे घेऊन गेला. रंगाच्या सांडपाण्याची बंद टाकी! आत उतरून गाळ काढायचा. "एटलुं तो करी आपो ने, नानाभाई." एवढं तर करून द्या, म्हणे शेठ.

नानाने झाकण उघडायला लावलं. वास आला तसा मागे सरला. "यात उतरलेला माणूस वर नाही आला शेठ, तर तेही परचूरणच का?"

ओळ खोडा, नाहीतर राहू द्या, असं सांगून घरी आला. माणसं बसून राहिली. मी तोंड सोडलं, "अरे, एका ओळीपायी इतक्यांच्या चुली थंड करतोस?" घरात आमची अहिराणीच. तो शांतपणे म्हणाला, "आक्का, टाकीमा मन्हा माणसे अशे नही उतरनार."

आठवड्याने तो आपणहून शेठकडे गेला. टाकी करतो म्हणाला, पण वेगळं काम म्हणून. आधी पंपाने उपसा, झाकणं उघडी ठेवून हवा मारा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोर धरायला वर दोघं. माझा माणूस वर येतो म्हणाला की काम बंद. हे सगळं लिहा.

"तूं तो वकील थई गयो!" शेठ भडकला.

"वकील आत उतरत नाही, शेठ. मी उतरतो."

पण नानाने लिहून घेतलंच! आणि पहिला उतरला तोच. संध्याकाळी सगळे घरी आले, गुडघ्यापर्यंत निळेजांभळे. माझी मोरी रंगली, पण घासताना माझी छाती फुगली होती हो... त्याच माणसांनी गेल्या महिन्यात नानाला खांदा दिला.

गेल्या आठवड्यात भाच्याने घराला चुना मारायला माणूस आणला. मी त्याला आधी सगळं घर फिरवलं. ओटा तुझा, मोरी तुझी, माळा तुझा. आतल्या खोलीत नाना भिंतीला डोकं टेकून बसायचा, तिथे तेलाचा गोल डाग पडलाय. तो माणूस म्हणाला, "मावशी, पहिला हात इथेच मारावा लागेल."

"नाही रे बाबा," मी म्हटलं, "ही भिंत तुझ्या कामात नाही."