कस्तुराबाईच्या मागची कुजबूज

वलवणच्या कस्तुराबाईचा संशय म्हणजे काय सांगावं! देवळातला प्रसादसुद्धा बाई आधी हुंगून बघायची. बरं, जन्माचीच अशी म्हणावी तर तसंही नाही. तरुणपणी चांगली मोकळीढाकळी होती. साठी जवळ आली आणि हे पिसं डोक्यात शिरलं.

सगळा रोख सुनेवर. लीलाबाई लोणावळ्याला एका डॉक्टरच्या बंगल्यावर झाडलोट करी. मुंबईहून आलेला हा डॉक्टर दुसरी मोठी लढाई संपल्यावर कसलंसं मशीन घेऊन तिथं राहिला होता. संध्याकाळी लीलाबाई घरी आली की चुलीपाशी नवऱ्याशी, सोपानशी बोलत बसे. त्या दोघांची कुजबूज पाहून सासूच्या अंगाची लाही लाही व्हायची. मला घराबाहेर काढायचं घाटतंय, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं आणि परंदवडीला सुनेच्या बापाला, दत्तोबाला निरोप धाडला, सोमवारी या आणि लेकीला कायमची घेऊन जा. सोपान आईच्या पाया पडला, रडला. पण बाई कसली बधतेय!

सोमवारी सकाळी ती सुनेच्या पाठोपाठ थेट बंगल्यात शिरली. बघते तर लीलाबाई खुर्चीत डोळे मिटून बसलेली, डोक्याला वायरी चिकटवलेल्या. पडद्याआडून डॉक्टर "पा... टा... का..." म्हणतोय आणि मशीनची सुई कागदावर रेघा ओढतेय.

"अगं बया! चेटूक करतुयास व्हय रं मुडद्या, माज्या सुनंवर?"

डॉक्टर दचकला, पण चिडला नाही. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "चेटूक नाही, मावशी. बोलणं कानावर पडलं की मेंदूत बारीकशी वीज उठते. ती हे मशीन कागदावर उतरवतं."

"मग बसव मला. बघू तरी काय उतरवतंय ते!"

खुर्चीत बसली खरी, पण मनातलं काही बाहेर फुटू नये म्हणून बाईनं दात घट्ट आवळले. पडद्यामागून खणखणीत "पा!" आला, "टा!" आला. सुई उडाली. मग सगळं थंड. वाट बघून बघून बाई वैतागली.

"आता बोल की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

डॉक्टर पडद्याबाहेर येऊन मोठ्यानं म्हणाला, "मी बोलतच होतो, मावशी. घरात बोलतो तेवढ्या आवाजात." त्यानं दोन कागद तिच्यासमोर धरले. प्रत्येक आवाजापाशी खूण होती. लीलाबाईच्या कागदावर खुणेसरशी तरंग उठला होता. कस्तुराबाईच्या कागदावर पहिल्या दोन मोठ्या आवाजांनंतरच्या खुणांपाशी एकही तरंग नव्हता.

"खोटं! समदी सामील हायती!" ती ओरडली. दारात माळी उभा होता, तिच्या भावकीतला अंबाजी. "तू सांग, अंबाजी. बोलला ह्यो?"

अंबाजीनं मान खाली घातली. "व्हय वैनी, बोलत व्हते," तो ओरडून म्हणाला. "मला हितं दारात ऐकू येत व्हतं."

घरी जाताना कस्तुराबाई वाटेतच थांबली. "लीले, काल चुलीपाशी काय कुजबुजत व्हतीस?"

"कुजबूज न्हाई, आत्याबाई," लीलाबाई तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली. "तुमाला जेवायला हाका मारत व्हते. तुमी तोंड फिरवून बसला. रोजच बसता. मग आमी गप ऱ्हातो."

कस्तुराबाईनं सुनेचा हात धरला. किती वर्षं आपण या पोरीला छळलं!

ओट्यावर दत्तोबा येऊन बसला होता. तो काहीतरी म्हणाला. सवयीनं बाईच्या कपाळाला आठी पडली, आणि मग ती जन्मात कुणाला बोलली नव्हती ते बोलली.

"पाव्हणं, मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

"लेकीला न्यायला आलोय!" दत्तोबा ओरडला.

"नका नेऊ," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "ती गेली तर मला जेवायला हाक कोण मारंल?"