पॅरिसच्या बाजारातली चापट

काल वाशीच्या मार्केटमध्ये पिकलेल्या पीचचा वास आला आणि पंच्याऐंशी सालच्या जुलैमधली पॅरिसची ती सकाळ आठवून माझं डोकं पुन्हा तापलं.

नणंद तिथे राहायची, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. तिच्या गल्लीतला आठवडी बाजार मला पहिल्यापासूनच आवडला नाही. पायांवरची लव तशीच ठेवून सोललेले ससे टांगलेले, टोपलीत जिवंत गोगलगायी, आणि चीजला ओल्या मोज्यांचा वास. त्यात पीच तेवढे बरे वाटले. माझी आई तुर्भ्याला भाजी विकायची. दाबून बघितल्याशिवाय फळ घ्यायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं. मी एक पीच उचलला, तर दुकानदाराने माझ्या हातावर चापट मारली.

मी यांच्याकडे पाहिलं. हे त्याच्याकडे बघून ओशाळं हसले, "सॉरी, सॉरी" म्हणाले आणि माझ्यावर खेकसले, "तुर्भ्याचा बाजार आहे का हा? गावठी कुठली!"

दुकानदाराने मग स्वतःच पिशवी भरून दिली. घरी उघडली तर खालचे तीन पीच नासलेले. त्यातला सगळ्यात काळा मी नणंदेसमोर यांच्या ताटात ठेवला.

"घ्या, हात न लावता आणलेलं फळ. खा."

यांनी नासका भाग कापला आणि उरलेला निमूटपणे खाल्ला. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता त्या दुकानदाराचा चेहराही आठवत नाही, यांचं ते हसणं मात्र आठवतं.

हे जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.