शेगडीचा पाइप
मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजारातून शेगडीचे पाइप आणून बसवणं. सौदीतल्या बुरैद्याची थंडी कोकणातल्या माणसाला सोसणारी नव्हे. मालकाच्या खजुराच्या बागेत आम्ही कामाला होतो. मी पंप आणि दुरुस्त्या बघायचो, ती त्यांच्या घरी स्वयंपाक करायची. राहायला बागेतच एक खोली. मालकानं एक जुनी लोखंडी शेगडी दिली आणि म्हणाला, आधी तुझ्या खोलीत बसव, नीट चालली तर माझ्या बैठकीतही तूच बसव. या कामात मी उस्ताद आहे असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. उस्ताद कसला! तीस वर्षं एसीचे डक्ट बसवले. लाकडाच्या शेगडीला कधी हात लावला नव्हता.

दुकानदार पठाण होता. सहा पाइप घेतले, एक एल्बो म्हणजे वळणाचा तुकडा, वर छपरावर लावायची टोपी. पाइपाच्या एका टोकाला चुण्या पाडलेल्या असतात, ते टोक दुसऱ्या पाइपात घुसतं. मी दोन जोडून बघितले, चुण्यांचं टोक वर ठेवून.

"अहो, हे उलटं नाही का?" ती म्हणाली.

"काय उलटं?"

"ओल्या लाकडाच्या धुराला पाणी सुटतं. माहेरच्या बंबाचं बघितलंय मी. ते पाणी खाली उतरणार. वरचा पाइप खालच्याच्या पोटात असला तर आतल्या आत शेगडीत पडेल. असं लावलंत तर सांध्यासांध्यातून बाहेर गळेल."

डक्टमध्ये हवा जाते तिकडे चुण्यांचं टोक. धूर वर जातो, म्हणून टोक वर. मला एवढंच माहीत. मी मुद्दाम हिंदीत, मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून, "तू रोटी बना. पाइप का मेरे को मत सिखा."

गिऱ्हाइकं हसली. पठाण म्हणाला, "चाचा, चाची को इधरही छोड़ जाओ. ऐसा कारीगर मेरे को चाहिए." आता सगळे मला हसले.

परत येताना मी गाडी जोरात हाणली. पत्रा चेपू नये म्हणून तिनं एल्बो मांडीवर धरला होता.

दुपारी पाइप बसवले. माझ्या पद्धतीनं. तिनं शिडी धरली. शेगडी पेटवली, चहा झाला, आणि तासाभरात वरच्या सांध्यातून तपकिरी पाणी उतरायला लागलं. मग दुसऱ्यातून. पांढऱ्या भिंतीवर ओघळ. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल. ती उठली, फडकं आणून सांध्याला गुंडाळलं.

"गळू दे आज," म्हणाली. "उद्या गार झाली की काढून फिरवू. मालकाला कळायच्या आत."

याचा मला जास्त राग आला. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. मी बाहेर जाऊन पंपापाशी बसलो, सूर्य बुडून मग्रिबची अजान होईपर्यंत. आत आलो तर ती जमिनीवर पडलेली.

इस्पितळात नेलं, पण काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी दोनदा विचारलं, धुरानं तर नाही ना? नाही म्हणाला, धुराचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जुहरच्या नमाजनंतर दफन होतं. सकाळी मालक खोलीवर आला. माझ्याजवळ गादीवर बसला आणि रडला. तिच्या हातचं जेवण त्याला आवडायचं. मग डोळे पुसताना त्याची नजर भिंतीवर गेली.

"हे काय झालं? कुणी बसवलं असं?"

खरं सांगतो, बायको शवागारात होती आणि मला त्याची बैठक दिसत होती. ते काम हातचं जाणार, हा म्हातारा उस्ताद नाही हे बागेत सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात.

"पाइप उलटे लागले," मी म्हटलं. "मी तिला सांगत होतो. तीच म्हणाली, असेच लावा."

मालकानं मान हलवली. "बाईमाणूस. तिला काय ठाऊक. अल्लाह तिला माफ करो."

"आमीन," मी म्हटलं.