ओलं मनगट

दार उघडण्याआधी म्हातारा मडक्यात मनगट बुडवायचा आणि दाराच्या फटीशी धरायचा. मग म्हणायचा, "तहान लागलीय," नाहीतर, "आज बरी हाय." हे खोलीबद्दल असे.

खोली म्हणजे जव्हारच्या संस्थानी तबेल्याचा एक कप्पा. विलीनीकरणानंतर तबेला शेती खात्याकडे आला आणि ठाण्याच्या एका साहेबांनी तिथे भर उन्हाळ्यात, पेंढ्यावर अळंबी उगवून पाहायचे ठरवले. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, खाली वाळू, दाराशी मडकी. पोशेरा गावचा हा म्हातारा पूर्वी संस्थानच्या पाहुण्यांसाठी असेच पडदे भिजवत असे, म्हणून त्याला हंगामी नेमले. पीक आले तर कायम करू, असे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते. गावात हसू होतेच. "रानात पावसात येणारी ती. चैत्रात घरात कोण बोलावतं तिला?"

मी तिथला कारकून. पाण्याचा हिशेब माझ्याकडे. त्याच दिवसांत सूर्यमाळच्या बायका एका घागरीसाठी डोंगर उतरत होत्या, आणि म्हातारा कधी सहा घागरी वापरी, कधी चौदा. कारण विचारले की मनगट पुढे करी. तुम्हीच सांगा, असले उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे? पाणी कुठेतरी मुरते आहे, असे माझ्या मनाने घेतले. दोनदा भिंतीआड उभा राहून पाहिले. सगळे पाणी पडद्यांवरच जाई. तरी माझा संशय कमी झाला नाही.

मी आठवडाभर रजेवर असताना साहेब येऊन एका फळीवर दोन थर्मामीटर लावून गेले. परतल्यावर पाहतो तर एकाच्या तळाला ओली चिंधी, तिचे टोक पाण्याच्या वाटीत. कोरड्याचा पारा पंच्याण्णव फॅरनहाइट, चिंधीवाल्याचा पंच्याऐंशी. मला वाटले, लबाडी सापडली. साहेबांना गारवा दाखवायला याने एक भिजवून ठेवलाय.

"हे काय, बाबा?"

"माझं मनगट. साहेबांनी फळीवर टांगलं."

"थट्टा करतोस?"

"नाय, भाऊसाहेब. दोघांत लई अंतर पडलं की खोली सुकली. मग पानी मारायचं."

मी चिंधी सोडली, वाटी ओतून टाकली. थोड्या वेळाने दोन्ही पारे एकाच रेघेवर आले.

"आता दोघे खरं बोलतात," मी म्हणालो. "अंतर नाही, तर पाणी नाही." रोजच्या चार घागरी ठरवून दिल्या.

तीन दिवस तो मनगट धरून एकच सांगत राहिला, "तहान लागलीय." मी आकडे दाखवत राहिलो. चौथ्या दिवशी पेंढ्यावरचे बटणांएवढे कोंब तपकिरी पडले. बोट लावताच गळून आले.

साहेब आले. आधी फळीकडे गेले. "चिंधी कुणी काढली? हवा किती कोरडी आहे ते तिच्यावरूनच तर कळतं."

मी काही बोलण्याआधीच म्हातारा म्हणाला, "सुटली आसंल, साहेब. माझं ध्यान नव्हतं."

मी वहीत तेच लिहून घेतले.

प्रयोग बंद झाला. त्याच्या कायम नेमणुकीचा कागद निघालाच नाही. मी मात्र वाट पाहत होतो, आता हा माझ्याकडे काय मागणार. मुलाला कुठे चिकटवा म्हणेल, शिफारस लिहा म्हणेल. दोनदा मीच विचारले, "काही हवंय का?"

"नाय."

शेवटच्या दिवशी सामान मोजून ताब्यात घेतले. थर्मामीटर दोन, फळी एक, वाटी एक, पडदे सहा. यादीखाली त्याचा अंगठा हवा होता. शाईचा अंगठा तसाच वर धरून त्याने विचारले, "चिंधी लिवली का?"

नव्हती लिहिली. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती काढून फळीवर ठेवली आणि यादीत लिहिले: चिंधी, एक. मग त्याने अंगठा टेकवला.

दाराशी जाऊन त्याने मडक्यात हात धुतला आणि सवयीने मनगट रिकाम्या खोलीकडे धरले. खोली काय म्हणते ते त्याने सांगितले नाही.