हाडांची हुमा

चौक गावातल्या ढाब्यांपासून नेरळ स्टेशनापर्यंत एकच कुजबुज होती. येसाजींचा खुबा बदलताना डॉक्टर हुमाचा हात असा थरथरला, की हातोडी टाकून बाई रडत बाहेर पळाली. मुंबईचे सर होते म्हणून म्हातारा वाचला. मीही चार घरी सांगितलं. चवदार होतं ना!

हुमा नेरळच्या खतीजाची मुलगी. खतीजाचं भांड्यांचं दुकान. "बाळंतपणाची डॉक्टर झाली असतीस, तर नवरा तरी मिळाला असता गं," ती गिऱ्हाइकांदेखत म्हणायची. पण पोरगी झाली हाडांची सर्जन. खालापूरच्या खासगी दवाखान्यात सहा वर्षं राबली. तिला मुंबईत सांधेबदलाच्या पुढच्या शिक्षणाची जागा हवी होती. त्यासाठी दर रविवारी मुंबईहून ऑपरेशनं करायला येणाऱ्या सरांचं शिफारसपत्र लागे. दवाखान्याच्या पाटीवर, रजिस्टरात नाव सरांचंच. "बाईच्या नावावर कोण झोपतंय टेबलावर?" मालक मनोजशेठ विचारायचे.

तेवढ्यात माजी सरपंच येसाजी न्हाणीत घसरले, खुबा मोडला. दवाखान्यातल्या खाटेवरून गरजले, "बाईचा हात नको मला! सुतारकाम हाय ते."

"मग आजोबा, सुतार बोलावू?" हुमाने विचारलं.

"बोलव. पन बाप्या पायजे!"

अख्खा वॉर्ड हसला. हुमाही हसली.

रविवारी ऑपरेशन झालं. येसाजींच्या मुलांनी पाहिलं ते एवढंच, की हुमा तोंड पुसत बाहेर आली आणि तरातरा निघून गेली. मागून सर आले. त्यांना हार पडला, पेढे वाटले गेले. संध्याकाळपर्यंत कुजबुज चौकात पोचली.

आठवड्याने हुमाने पत्र मागितलं.

"लोक काय बोलतात ऐकलंस ना?" सर म्हणाले. "असल्या हाताची शिफारस केली तर माझं नाव जाईल गं. आणि लग्न झालं, की तुझी जागा फुकटच जायची."

जागा दुसऱ्या कुणाला गेली. हुमा आता आईच्या दुकानावरच्या खोलीत प्लास्टर घालते. येसाजी खालून टणाटण चालत जातात आणि वर बघून ओरडतात, "काय गं थरथरे, बरा हाय का हात?"

परवा त्या ऑपरेशनच्या वेळची नर्स श्रद्धा भेटली. तिने सांगितलं ते असं. खुबा हुमाने एकटीने बसवला. सर टोलनाक्याच्या रांगेत अडकले होते. मागच्या दाराने आले तेव्हा टाकेही घालून झाले होते. हुमाने पुसला तो घाम होता.