बाईसाहेबांचे पाय आणि काकांचे हात

मी उशांना धुतलेले अभ्रे घालत होते. दोन झाले होते, तिसरा अर्धा चढवला होता, तेवढ्यात काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कमरेला कामाचा चामडी एप्रन तसाच. तो एप्रन घालून ते कधीही घरात येत नाहीत. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम आहे, आणि सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचे हे धाकटे दीर तो पाळतात. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

"सूनबाई, बाईसाहेब पुढचे पाय टाकेनात."

अभ्रा तसाच टाकून मी त्यांच्यामागे धावले.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. धंद्याने नालबंद. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचं काम त्यांनी बाराव्या वर्षी हातात घेतलं ते आज एकाहत्तराव्या वर्षापर्यंत सोडलेलं नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "दिवसभर वाकलेला माणूस, मुलीला माझा चेहराच दिसला नाही." माझे सासरे लवकर गेले, तेव्हा आमच्या ह्यांचं वय होतं सात. ह्यांची शाळा, ह्यांचे कपडे, ह्यांचा मोडलेला हात, सगळं काकांनी निभावलं. मी लग्न होऊन घरात आले त्या आठवड्यात त्यांनी जुन्या नालांचे पाच हुक वाकवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकून दिले. मी कढई अडकवून बघितली, तेव्हा म्हणाले, "हत्ती टांगलास तरी पडणार नाही."

आणि बाईसाहेब म्हणजे घोडी. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. बावीस वर्षं पूर्ण. घोडेस्वारीच्या शाळेत मुलांना पाठीवर घेऊन तिने सोळा वर्षं गोल गोल फेऱ्या मारल्या, आणि त्या सगळ्या वर्षांत तिचे नाल काकांनीच बसवले. तिचं काम थांबलं तेव्हा शाळेचे मालक म्हणाले, "हिचं आता काय करायचं?" काकांनी दोरी हातात घेतली आणि तिला चालवत घरी आणलं. आमच्या मागच्या अंगणात एका टोकाला काकांची भट्टी आणि ऐरण, दुसऱ्या टोकाला तबेला. ती आली त्या दिवशी तिने तबेला हुंगला, पाण्याची बादली उलटी केली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. हे म्हणाले, "बाईसाहेबांना जागा पसंत नाही वाटतं." तेच नाव पडलं.

तर त्या दिवशी बाईसाहेब तबेल्यात अशा उभ्या होत्या की बघवेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळं वजन मागे रेललेलं, जणू पायांखाली तापलेला तवा आहे. काकांनी खुराला हात लावला. "गरम आहे," म्हणाले. मग नालाच्या कडेवरून बोट फिरवलं.

नऊ दिवसांपूर्वीच काकांनी तिला नवे नाल बसवले होते.

त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच दिसलं. ते भट्टीपाशी गेले. हातोडा, पकड, कानस, खूर तासायचा चाकू, एकेक उचलून त्यांनी पोत्यात भरलं आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. "हात गेला माझा," म्हणाले. "एकोणसाठ वर्षांत एक घोडा लंगडा केला नाही, आणि केला तो घरचाच." दुपारी टांगेवाला त्याचा घोडा घेऊन आला, त्याला दारातूनच सांगितलं, "दुसरा नालबंद बघ बाबा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग घोडा वळवून गेला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या आत आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण घोडीच्या पायाशी बसल्या की कुणाचं ऐकत नाहीत. सोबत आणलेल्या छोट्या एक्स-रे यंत्राने त्यांनी खुरांचे फोटो काढले. आतलं हाड जागेवरून किंचित कललं होतं. त्यांनी वेदनेचं औषध दिलं, पाय बर्फात ठेवायला सांगितले आणि स्पष्टच बोलल्या, "काका, दोन आठवडे बघू. हाड आणखी कललं, किंवा दुखणं आवरलं नाही, तर मात्र तिला असं उभं ठेवणं बरोबर होणार नाही."

काकांनी मान हलवली. त्या कायमचं झोपवण्याबद्दल बोलतायत हे घोड्यांच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या अंगावरून हात फिरवला. आधी पाठीवरून, मग पोटाखालून, मग डोळ्यांच्या वर. "हे केस उन्हाळ्यातही असेच असतात का?"

"दोन वेळा खरारा करतो मी," काका म्हणाले. "लव बघा कशी आहे. गालिचा."

"आणि पाणी किती पिते?"

"भरपूर. पहिल्यापासून?... नाही, पहिल्यापासून नाही. पण कधीपासून ते नाही सांगता यायचं."

"कधीपासून ते कळलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी बोलले, "मी लिहिलंय बहुतेक."

मी रोज सकाळी देवासमोर बसते आणि उठल्यावर वहीत पाच ओळी लिहिते. काल कशाकशाबद्दल आभार मानायचे, त्या पाच गोष्टी. मोठं काही नसतं. डाळ करपली नाही, ह्यांचा खोकला थांबला, असलंच. पाच आकडा भरायला पुष्कळदा बाईसाहेब कामी यायच्या. मी दोन वर्षांच्या वह्या आणून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिल्या. त्या तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागल्या.

"'देवा, बाईसाहेब काल सहा बादल्या पाणी प्यायल्या. तब्येत ठणठणीत.' ... 'थंडी सरली तरी बाईसाहेबांची लव गळली नाही. या वयात एवढे केस, तुझी कृपा.' ... 'डोळ्यांवरचे खड्डे भरून आले. तरुण दिसतात.' ... 'पोट सुटलंय. अंगाला लागतंय खाल्लेलं.'"

त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी माझा हात धरला. "ताई, रागावू नका. तुम्ही ज्या ज्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानलेत, त्यातली एकूण एक आजाराची खूण आहे."

दीड वर्ष मी त्या मुक्या जिवाचं दुखणं प्रसाद समजून वहीत मांडत होते.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. म्हातारपणी काही घोड्यांमध्ये ती वाढते आणि शरीराला नको ते निरोप पाठवत राहते. मग केस गळत नाहीत, तहान वाढते, पाठीचं मांस झडतं, पोट लोंबतं. अंगातल्या साखरेचा हिशोब बिघडला की त्याचा मार खुरांवर बसतो. आजाराचं नाव कुशिंग. खात्री रक्ताच्या तपासणीने होईल, पण त्यांना फारशी शंका नव्हती. "बरा होत नाही," त्या म्हणाल्या, "पण सांभाळता येतो. रोज एक गोळी, जन्मभर."

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. "नाल तर मीच ठोकले ना," म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फोटो त्यांच्यापुढे धरला. "खिळे मोजा. एक तरी आतल्या जिवंत भागात गेलाय? ताईंच्या वहीत पहिली खूण दीड वर्षापूर्वीची आहे, तुमचे नाल नऊ दिवसांपूर्वीचे. आता हे नाल काढायचेत आणि खुराचं टोक कमी करायचंय, म्हणजे चालताना आतल्या हाडावर ओढ येणार नाही. मी फोटोवर रेघ मारून देते. पण तासणार कोण?"

"दुसऱ्या कुणाला बोलवा."

हे फोन करून आले. दुसरा नालबंद आठ दिवस येऊ शकत नव्हता. आठ दिवस थांबायला बाईसाहेबांचे पाय तयार नव्हते.

काका पोत्यापाशी गेले. सुतळीची गाठ त्यांच्याच हातची, सुटता सुटेना. मी घरातून कात्री आणायला वळले तर म्हणाले, "थांब. गाठ आहे, कापायची कशाला," आणि दातांनी सोडवली.

घोडीला पाय वर धरणं सोसत नव्हतं. म्हणून काका भुशात चक्क पालथे झोपले. एकाहत्तराव्या वर्षी! बाईसाहेबांना वेदनेचं औषध चढलेलं होतं. मी तिचं डोकं कुशीत धरलं होतं आणि तोंडाने देवाचं नाव चालू होतं. हे बॅटरी धरून बसले. नाल काढून झाल्यावर काका चार वेळा कानस फिरवायचे आणि तिला पाय टेकू द्यायचे. पुन्हा चार वेळा. मध्येच खालून आवाज आला, "सूनबाई, देवाशी बोलतेयस तर त्याला सांग, तुझ्या नवऱ्याला बॅटरी नीट धरायला शिकव." हे म्हणाले, "मी तुमच्याच हाताखाली शिकलोय." डॉक्टरीणबाई फोटो बघत म्हणत होत्या, "अजून थोडं... अजून... बास." शेवटी काका उठले तेव्हा त्यांच्या दाढीत भुसा होता. काम चालू असताना त्यांचा हात एकदाही हलला नव्हता. ते मी जवळून बघितलंय.

पुढचे दोन आठवडे घरात घोडीशिवाय विषय नव्हता. ह्यांनी माझ्या सरबतासाठी आयुष्यात कधी बर्फ आणला नाही, ते बर्फाच्या कारखान्यात रोज सकाळी पहिले ग्राहक झाले. तपासणीत कुशिंगच निघालं. धान्य बंद, गूळ बंद, गाजरं बंद. सुकं गवतसुद्धा तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच द्यायचं, म्हणजे त्यातली साखर उतरते. ते भिजवायचं कुठे? माझ्या कपड्यांच्या मोठ्या टबात. एका सकाळी ह्यांनी झोपेत आपला सदरा त्यातच टाकला आणि दिवसभर गवताचा वास घेऊन कामावर बसले.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला रोज उरलेले गोड पाव बाईसाहेबांना आणून द्यायचा. त्याला नको म्हणून सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या पावाने ती आजारी पडली?" काका म्हणाले, "आजार वयाचा आहे रे. तू प्रेमाने दिलास, तिने प्रेमाने खाल्ला. आता नुसताच येत जा, हात हलवत." तो खरंच तसा येतो. बाईसाहेब त्याचे दोन्ही खिसे तपासतात आणि मग त्याच्याकडे पाठ करतात.

गोळीचा तर वेगळाच खेळ. काकडीच्या तुकड्यात घातली, तर काकडी पोटात आणि गोळी माझ्या चपलेवर. शेवटी काकांनी ती चमचाभर पाण्यात विरघळवून सुई नसलेल्या पिचकारीने गालात सोडायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात बाईसाहेब गवतच तोंडाला लावेनात. मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला भूक मरते, अर्धी गोळी करा, मग हळूहळू वाढवू. काकाही तितके दिवस जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मी त्यांना म्हटलं, "तुमची पण अर्धी गोळी चालू आहे का?" तर म्हणाले, "वाढ थोडा भात."

बाराव्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. अंगणाची तबेल्याकडची बाजू मातीची आहे आणि घराकडची फरशीची. दुखणं आल्यापासून बाईसाहेबांनी फरशीवर पाय ठेवला नव्हता. त्या मातीच्या कडेपर्यंत आल्या, खाली मान घालून उभ्या राहिल्या. काका ऐरणीपाशी होते, ते जागचे हलले नाहीत. मीही ओली चादर हातात धरून तशीच. मग एक पाय फरशीवर. मग दुसरा. हळूहळू, पण वजन टाकत, त्या सरळ माझ्यापर्यंत आल्या आणि चादरीला तोंड पुसलं.

दोन दिवसांनी पुन्हा फोटो काढले. हाड होतं तिथेच होतं, पुढे कललं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांचा प्रश्न सुटला. आता वर्षांचं बोलू." काकांनी त्यांना चहा दिला आणि स्वतः दोन कप प्याले. मग ते तबेल्याच्या मागे गेले. मी बघायला गेले नाही. माणसाला कधीकधी एकट्याने आभार मानायचे असतात.

त्यानंतर आम्ही तिचे केस यंत्राने कापले. दोन पोती भरून निघाले. आतून हाडकुळी म्हातारी बाहेर आली, पाठीचा कणा दिसणारी. मला रडू आलं. काका म्हणाले, "रडतेस काय? आता खरी दिसली. दिसलं की सांभाळता येतं."

टांगेवाला पुन्हा येतो. काका त्याच्या घोड्याला नाल ठोकतात, पण दिवसाला एकच घोडा, आणि मधे बसून घेतात. खुरांचं काम आता दर पाच आठवड्यांनी, न चुकता. वहीत मी अजून पाच ओळी लिहिते, फक्त पाण्याच्या बादल्या वेगळ्या पानावर मांडते. काल तीन झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात तीन छान. मी देवाचे आभार मानले, पण आधी त्यांना फोन करून विचारलं की मानू का.

या घराने काकांना काय दिलं? दोन वेळचं जेवण आणि एप्रन घालून आत न येण्याचा नियम. त्यांनी आम्हाला काय दिलं ते पाच ओळींत मावत नाही, म्हणून आज एवढं लिहिलं.

तबेल्यातलं गवत परवापर्यंत पुरेल. जेवून झालं की काका वखारीत जाणार आहेत, जाड काडीच्या, कमी साखरेच्या सुक्या गवताचे चार भारे आणायला.